ट्रेलर जोडून निघण्याआधी: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गाडीमागे ओढायचा, आत राहता येणारा ट्रेलर दारात येऊन उभा राहिला, आता येवल्यामार्गे वेरूळपर्यंत मनाला येईल तिथे थांबत जायचं, असं बाबा फोनवर म्हणाले. जा, माझी ना नाही. फक्त मागे ट्रेलर असला की 'मनाला येईल तिथे' थांबता येत नाही, 'बाहेर पडता येईल तिथे' थांबावं लागतं. फोनवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी वजन. एका ॲक्सलचा, म्हणजे दोनच चाकांचा ट्रेलर म्हणजे तराजूची दांडी. मागे सामान जास्त झालं की पुढचं कपलिंग (ट्रेलर गाडीच्या हुकाला जिथे जोडतात तो भाग) वर उचललं जातं, गाडीची मागची चाकं हलकी पडतात आणि वेग वाढला की ट्रेलर डुलायला लागतो. भरलेल्या वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के भार गाडीच्या हुकाच्या बॉलवर, म्हणजे कपलिंग ज्यावर बसतं त्या लोखंडी गोळ्यावर यायला हवा. तुमचा ट्रेलर भरून ६०० किलो झाला, तर ४२ ते ६० किलो. हे घरीच मोजता येतं. सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, बाथरूममधला वजनकाटा कपलिंगखाली ठेवा, त्यावर बॉलच्या उंचीचा लाकडी ओंडका उभा करा आणि पुढचं छोटं चाक वर घेऊन कपलिंग ओंडक्यावर टेकवा. आकडा समोर येईल. हुकाच्या पट्टीवर छापलेली मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळायची. गाडीच्या पुस्तकात किती वजन ओढायची परवानगी आहे, तेही बघून घ्या.

आई, हे तुझ्यासाठी. मागचं कपाट मोठं आहे म्हणून लोणच्याची बरणी, पिठाचे डबे आणि कुकर तिथे रचू नकोस. जड ते सगळं चाकांच्या वर, खाली जमिनीलगत. मागच्या कपाटात उशा, चादरी, पापड. पाण्याची टाकी अर्धी ठेवायची नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर हिंदकळून ट्रेलर हलवतं. भर तर पूर्ण भर, नाहीतर रिकामी ठेव आणि मुक्कामी पोचल्यावर भर. गॅसचा छोटा सिलिंडर उभाच बांधायचा आणि चालत्या गाडीत रेग्युलेटर काढलेला हवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून जमिनीजवळची झरोक्याची जाळी थंडी वाजते म्हणून फडक्याने बुजवू नकोस.

जोडताना बाबांचा हात बसलेला आहे, तरी एक तपासणी रोज करा. कपलिंग बॉलवर बसवून त्याच्या कुलपाचा दांडा खाली पाडला की पुढच्या छोट्या चाकाचा हँडल फिरवून ट्रेलरचं तोंड उचलायचा प्रयत्न करायचा. गाडीची पाठ बरोबर वर आली तर कुलूप बसलं. नुसता ट्रेलर वर आला तर नाही बसलं. 'खट्' आवाजावर विश्वास ठेवू नका, बॉलवर माती किंवा सुकलेलं ग्रीस असलं तरी तो आवाज येतो. सेफ्टी चेन दोन असतील तर खालून एकमेकींवर फुली पडेल अशा अडकवा. कपलिंग सुटलंच तर तोंड त्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. चेन वळणापुरती सैल हवी, डांबरावर घासणारी नको.

दिव्यांचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. डावा इंडिकेटर लावला की ट्रेलरचे सगळे दिवे मिणमिणतात. बल्ब बदलत बसू नका. अर्थिंगची पांढरी तार गंजलेली असते, करंट दुसऱ्या दिव्यातून परतीची वाट शोधतो. सात पिनांच्या प्लगमधली पांढऱ्या तारेची पिन आणि चेसीवर जिथे ती स्क्रूने बसवली आहे ती जागा पॉलिश पेपरने घासली की काम होतं.

ट्रेलरचं टायर झिजून नाही, वयाने जातं. बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी टायर जुनं असेल तर बदला. आणि ट्रेलरची स्टेपनी वेगळी घ्या. गाडीचं चाक त्याला बसतंच असं नाही. निघाल्यावर निफाडच्या आसपास थांबून ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबांजवळ (चाकाचा मधला भाग) हात न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर बेअरिंग आवळलेलं आहे किंवा ग्रीस संपलंय. तसंच पुढे रेटू नका. त्याच थांब्यावर पान्याने चाकाचे नट पुन्हा आवळून घ्या.

वेग ६० च्या आतच ठेवा. ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगने सावरायलाही जायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, आपोआप शांत होतो. मग थांबून सामान पुढे घ्या, कारण दोष तिथेच असणार.

आता थांबे. नांदूरमध्यमेश्वर सोडू नका. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं ते पाणथळ रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. हिवाळ्यात पक्षी बघायला सकाळीच जावं लागतं. पण आतले रस्ते उसातून जातात आणि हंगामात समोरून दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की तुम्हालाच मागे जायची पाळी. ट्रेलर निफाडला एखाद्या ओळखीच्या मळ्यात किंवा पंपावर विचारून सोडा आणि नुसती गाडी न्या. सोडताना क्रम असा: हँडब्रेक, चाकांना ठोकळे, प्लग, चेन, छोटं चाक खाली, आणि सगळ्यात शेवटी कपलिंगचा दांडा. ठोकळे आधी लावले नाहीत तर ट्रेलर उताराला लागतो. कोपऱ्यांचे चार पाय फक्त डुगडुग थांबवायला आहेत, त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नाही. वाकतात.

येवल्याला पैठणी बघायला आई थांबवणारच. गावातल्या गल्लीत शिरू नका, महामार्गालगतच्या दुकानांपुढे थांबा. मिसळीसाठी मळ्यातलं ठिकाण निवडा, तिथे पूर्ण वळण घेता येतं. कुठेही आत शिरण्याआधी आईने उतरून बाहेर पडायची वाट बघून यायची. मागे घ्यावंच लागलं तर बाबा, हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्याच बाजूला हात न्यायचा. हळू, आणि चुकलं की पुढे येऊन सरळ करायचं. दुमडत गेलेला ट्रेलर मागे रेटला की गाडीचा बंपर फुटतो.

अंधार पडल्यावर चालू नका. लासलगाव, विंचूर, येवला या पट्ट्यात कांद्याचे ट्रॅक्टर पहाटेपासून रात्रीपर्यंत असतात आणि कित्येकांना मागे लाल दिवासुद्धा नसतो.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. दौलताबादला जायचं झालं तर ट्रेलर मुक्कामीच ठेवा, वाटेत जुन्या तटाची अरुंद कमान आहे. परतताना कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडून यायचं मनात आणू नका, वैजापूरवरून आल्या वाटेने या. पुढे कधी वणीला गेलात तर ट्रेलर नांदुरीलाच सोडा. आणि कुठलाही घाट उतरताना, चढायला जो गिअर लागला असता तोच ठेवा. पाय ब्रेकवर टेकवून उतरलं की ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास येतो आणि ब्रेक धरेनासा होतो.

कागद: १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनातच मोजतात, तेव्हा त्याचं आरसी आणि विमा वेगळा बरोबर ठेवा. गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर ओढणं चालतं का, हे एजंटकडून लिहून घ्या, तोंडी नको. बाबांच्या गोळ्या गाडीच्या कप्प्यात असू द्या, ट्रेलरमध्ये नको.

वजनकाट्याचा आकडा आला की मला कळवा.

तुमची,
मनू