नाना, ती सोयाबीनची पट्टी माझ्याकडे आहे

ती. नाना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र गावातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. मी जर्मनीहून आल्यावर सत्कार झाला, पेपरात बातमी आली. बातमीत कॉलेजचं नाव होतं, गाइड सरांचं होतं, आई-दादांचं होतं. आमच्या बांधाला बांध असलेल्या शेजारी नानांचं, तुमचं, नव्हतं. त्या दिवशी तुम्ही मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून उभे होतात आणि दादा तुम्हाला पुढं बोलवायला आले तर ‘गुरं पाण्यावर न्यायचीत’ म्हणून निघून गेलात. आता गावात कुणी म्हणतं मला सरकारनं पाठवलं, कुणी म्हणतं दादांनी जमीन गहाण टाकली. दोन्ही खरं नाही. खरं काय झालं ते लोकांना कळायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

परभणीला एम.एस्सी. करताना एका सत्रासाठी श्टुटगार्ट शहरातल्या होहेनहाइम विद्यापीठात जायची संधी आली. फी माफ होती, राहण्या-खाण्याचं मात्र आपलं आपण बघायचं होतं. जर्मनीचा व्हिसा मागताना हा खर्च आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरून दाखवावा लागतो, तिकडे गेल्यावर आपलेच पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये हा आकडा महिन्याला ९३४ युरो होता. सहा महिन्यांचे पाच लाखांच्या वर गेले. दादांनी सोसायटी केली, पाहुणे केले, आईनं पाटल्या दिल्या, तरी दीड लाखाला खोट होती. व्हिसाची तारीख जवळ आलेली. दादा कुणापुढं हात पसरत नाहीत, आणि तुमच्यापुढं तर नाहीच नाही, कारण आपल्या दोन घरांत बांधावरून एकदा मोजणी होऊन गेलेली. तुम्हाला कुणी सांगितलं हे मला अजूनही माहीत नाही.

तुमच्या ओसरीला दोन हंगामांच्या सोयाबीनची थप्पी होती. २०२१ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला होता, तो पुन्हा वर येईल म्हणून मराठवाड्यात घरोघरी माल थांबवून ठेवला होता, तसा तुम्हीही. त्या सकाळी तुम्ही टेम्पो बोलावलात. मी आणि तुमचा नातू मोंढ्यात सोबत होतो. आडत्याच्या माणसानं कट्ट्यात बंबी खुपसली, दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि ‘डागी आहे’ म्हणाला. मालात डाग नव्हता, नाना. मी याच विषयाची विद्यार्थिनी आहे आणि मी ते दाणे बघितले होते. पण तुम्ही घासाघीस केली नाहीत. ३६ क्विंटल माल, भाव ४,१५०. तेव्हा मागच्या हंगामाचा हमीभाव ४,६०० होता आणि येणाऱ्या हंगामासाठी ४,८९२ जाहीर झालेला होता. हमाली, तोलाई कापून जी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, पैशांसकट हातात आली ती तुम्ही घडीसुद्धा न घालता माझ्याकडे दिलीत. परत येताना टेम्पोत एवढंच म्हणालात, “तीन साल झाले भावाची वाट बघतोय. त्याला यायचं तवा येईल. तुझी तारीख थांबत नाही.”

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच, १ आणि २ सप्टेंबरला, परभणी-हिंगोली-नांदेडला अतिवृष्टीनं झोडपलं. उभ्या सोयाबीनमध्ये पाणी साचलं. घरातली थप्पी गेलेली आणि रानातलं पीक पाण्यात, असे ते दिवस होते. मी पैसे परत करायचं म्हणाले तेव्हा तुम्ही माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा रागावलात.

देवगिरी एक्सप्रेसला बसवायला आलेल्या सगळ्यांनी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून घेतलं. तुम्ही मात्र काम सांगितलंत: “तिथली भुई कशी असती ते बघून ये.” फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगते.

विद्यापीठाच्या भोवतीच्या पठाराला फिल्डर म्हणतात. तिथली माती लोएस, म्हणजे हिमयुगात वाऱ्यानं आणून टाकलेली बारीक, पिवळसर तपकिरी माती. आपल्या काळ्या रानासारख्या तिला उन्हाळ्यात भेगा पडत नाहीत, पावसात ती पायाला गोळे धरत नाही. तिथली टोकदार कोबी नावाजलेली आहे. आणि त्याच कसदार पठारावर विमानतळ आहे, मोठा रस्ता आहे. चांगली जमीन रस्त्याखाली गेली की काय वाटतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

ते विद्यापीठ का निघालं हे ऐकलं तेव्हा तुमची फार आठवण झाली. १८१५ मध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेनं आणि वायूंनी ऊन अडवलं, आणि १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं कुजली, माणसं उपाशी मेली. त्या दुष्काळातून शहाणं होऊन राजा विल्हेल्म आणि राणी काटारीना यांनी १८१८ मध्ये होहेनहाइमला शेतीची शाळा काढली, आणि त्याच साली शेतकऱ्यांची जत्रा सुरू केली. ती जत्रा अजून भरते. मी पोचले तेव्हा चालू होती. मधोमध फळांनी, धान्यानं सजवलेला उंच खांब असतो. लोक पाळण्यात बसायला धावत होते आणि मी त्या खांबाखाली थांबून बहात्तर साल आठवत होते. मी ते पाहिलेलं नाही, पण तुम्ही चौदा वर्षांचे असताना फोडलेली खडी, ती सुकडी, ती लाल मिलो ज्वारी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की माझीच वाटते. आपलं परभणीचं कृषी विद्यापीठही १९७२ चंच.

थंडी होती, चारच्या पुढं अंधार पडायचा, भाकरीवाचून जीव कासावीस व्हायचा. ते सगळ्यांचंच होतं.

सोयाबीनचं मात्र सांगायलाच पाहिजे. तिथं सोयाबीनवर मोठं काम चालतं. २०१६ मध्ये विद्यापीठानं टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, करणाऱ्या एका कंपनीबरोबर साध्या लोकांच्या बागांत वाणांची चाचणी घेतली. कुणी शिक्षक, कुणी पेन्शनर, त्यांनी परसात सोयाबीन लावलं आणि नोंदी कळवल्या. प्रथिनं किती, त्या दाण्याचा टोफू किती आणि कसा पडतो, हे बघून वाण निवडतात. आपल्याकडं तेल काढायचं आणि पेंड विकायची, एवढंच आपण बघत आलो. वर्गात आपापल्या भागातल्या पिकावर बोलायचं होतं, तेव्हा मी तुमच्या पट्टीचा फोटो पडद्यावर लावला आणि एकेक ओळ समजावून सांगितली. घानाच्या एका मुलानं विचारलं, डाग किती धरायचा हे कोण ठरवतं? मी म्हणाले, घेणारा. तो म्हणाला, आमच्याकडंही तसंच. माझा प्रबंध आता याच विषयावर आहे: दाण्याची प्रत बांधावर, विकण्याआधी, शेतकऱ्याला स्वतः कशी मोजता येईल. हा विषय त्या मोंढ्यातून आला, नाना.

मी नसताना आमचा हरभरा तुम्ही पेरून घेतलात, आईला दवाखान्यात नेलंत, हेही मला आल्यावरच कळलं. त्यासाठीही तुमची ऋणी आहे.

पैशाचं बोलते, रागावू नका. शिष्यवृत्ती सुरू झाली आहे, त्यातून महिन्याला ठरावीक रक्कम तुमच्या खात्यावर येईल, आणि मी ती हमीभावानं फेडणार आहे, ४,१५० नं नाही.

आणखी एक. पेरणी तोंडावर आली आहे. घरचं बी ठेवलं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तरच्या वर उगवले तरच पेरा. मी शनिवारी आपल्या परभणी विद्यापीठाच्या एमएयूएस १६२ आणि ६१२ या सोयाबीन वाणांच्या पिशव्या घेऊन येते. सामाईक बांधाच्या दोन्ही अंगांना चार-चार तासं लावू, तुमच्याकडं आणि आमच्याकडं. दादांशी बोलले आहे, ते हो म्हणालेत.

तुमची,
बांधापलीकडची लेक