पायाखालची शेतं: माझ्या ग्लायडिंगच्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुम्ही आणि काकू पुण्याला सुखरूप पोचल्याचं तुमच्या लेकीकडून कळलं. या उन्हाळ्यात तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, ते फोनवर बोलायला गेले की तुम्ही "बरं बरं, हवा कशी आहे तिकडे?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

१९८९ साली हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर तुम्ही मला पहिल्यांदा रोहिणीत बसवलंत. लाकडी, उघड्या कॉकपिटचं, शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात असं ते ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान. आपल्याकडे बनलेल्या ग्लायडरांना अश्विनी, भरणी, रोहिणी अशी नक्षत्रांची नावं द्यायचे, हे मला तेव्हा फार आवडलं होतं. विंचने, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राने, वर गेलं की हजारेक फूट हाताशी, घार जिथे गोल घेते तिथे आपणही वळायचं, आणि मैदान कधी नजरेआड होऊ द्यायचं नाही. पुढे लग्न होऊन मी जर्मनीत आले, इथे लांब पल्ल्याचं उडायला शिकले, ३०० किलोमीटरही केले. मग मुलं, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, असं करत चौदा वर्षं ग्लायडिंग सुटलं.

यंदा मार्चमध्ये मी सेकंडहँड एलएस-४ ग्लायडर घेतलं. वोल्फ लेम्केंनी काढलेलं डिझाइन, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १५ मीटर, १९८० सालापासून हजारावर बनलेलं. स्थिर हवेत एक किलोमीटर उंची खर्चून चाळीस किलोमीटर जातं. मिस्टरांचा पाठिंबा होता, क्लबच्या शिक्षकांनी दोन सीटच्या विमानात माझी तयारी आणि तपासणी करून घेतली, कागदपत्रं झाली. सगळं होतं. फक्त मैदान सोडवत नव्हतं.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सलग सहा उड्डाणं, प्रत्येक दोन-तीन तासांचं, आणि दर वेळी हानवाइडेच्या आमच्या ग्लायडिंग मैदानावरच घिरट्या. समोर टेकचा किल्ला, त्यामागे आल्बच्या पठाराचा कडा, त्यावर एकाला लागून एक पांढरे ढग, आणि मी मात्र काठावरून परत फिरायची. तुम्ही मे महिन्यात लेकीकडे आलात आणि तिसऱ्या शनिवारी कुंपणापाशी खुर्ची टाकून बसलात. मी उतरल्यावर एवढंच म्हणालात, "तू मैदान बघत उडतेस. ढग बघत नाहीस." त्या रात्री मला झोप आली नाही, कारण ते शब्दशः खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही उडायचं नाव काढलं नाहीत. म्हणालात, गाडी काढा.

आल्बचं आपल्याला चटकन कळतं, सर, कारण तो आपला सह्याद्रीच आहे, धाकटा. कोकणातून घाट चढून देशावर यावं तसं खालच्या मैदानातून एकदम तीन-चारशे मीटर वर पठारावर यायचं. चुनखडीचा दगड पाणी धरत नाही, जमीन लवकर तापते, म्हणून थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा जिच्या माथ्यावर ते पांढरे ढग बनतात, तिथेच चांगले. पण कडा ओलांडला की उंचीमापकाचा काटा तोच राहतो आणि पायाखालची जमीन मात्र वर आलेली असते. मला भीती वाटायची ती नेमकी तिथे.

थर्मल संपले तर ग्लायडर उतरवावं लागेल अशा किती शेतांत त्या रविवारी आणि पुढच्या दोन रविवारी आपण गाडीतून उतरलो! शहात्तराव्या वर्षी तुम्ही बांधाबांधाने चालत होतात. पावलं मोजत होतात. टाचेने माती उकरून खडे किती वर आलेत ते दाखवत होतात. "हा उतार वरून दिसणार नाही. ओढा कुठे आहे बघ, म्हणजे उतार कळेल." विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब शोधायचे. गहू-जव कापलेलं रान चालेल. मका दिसला तर तिकडे बघायचंही नाही, तो ऑगस्टमध्ये डोक्याएवढा असतो. मग रात्री नकाशा पसरून उतरता येईल अशा प्रत्येक जागेभोवती तुम्ही पेन्सिलने वर्तुळं काढलीत. चाळीसचा आकडा तुम्ही विचारातही घेतला नाहीत. हजार मीटरला वीस किलोमीटर, बस्स. वर्तुळं एकमेकांना भिडली आणि आल्बवरच्या क्लिपनेकच्या ग्लायडिंग मैदानापर्यंत ७५ किलोमीटरची साखळी झाली. त्या नकाशाकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की मी जाऊ शकते.

ग्लायडरच्या जुळणीच्या वेळची ती सकाळही मला इथे लिहायलाच हवी. पंख बसवून झाले होते, कॉकपिटमागच्या झाकणातून मी एलरॉन (ग्लायडर कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) आणि एअरब्रेक (उतरताना उंची कमी करणारे ब्रेक) यांच्या जोडण्या लावल्या होत्या. गोळा वाटीत बसला की पाचर सरकते, आणि ती पूर्ण सरकली तरच तिच्या भोकातून सेफ्टी पिन जाते. तुम्ही प्रत्येक जोडणी हाताने ओढून बघितलीत. डावीकडच्या एअरब्रेकची पिन आत जाईना. वरून बघता सगळं नीट बसलेलं दिसत होतं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "काढ. पुन्हा लाव." नंतर तुम्ही बाहेर एलरॉन धरून ठेवलंत आणि मी आतून स्टिक हलवली. तेव्हापासून मी ही तपासणी करताना कोणाशीही बोलत नाही.

आणि कॅनॉपीवरचा, म्हणजे कॉकपिटच्या काचेवरचा, हवा सरळ येते की तिरकी ते दाखवणारा दोरा! जुना उन्हाने झडून गेला होता. काकूंनी नातवाच्या स्वेटरमधली लाल लोकर दातांनी तोडून दिली. अजून तीच आहे.

२ ऑगस्टला मी कडा ओलांडला. क्लिपनेक गाठलं. परतीच्या वाटेवर वरचे पातळ ढग उन्हाआड आले आणि थर्मल मंदावले. ट्रॉख्टेलफिंगनजवळ काटा बाराशे मीटर दाखवत होता, पठार साडेसातशेवर, म्हणजे हातात साडेचारशे. चौदा वर्षांपूर्वीची मी तिथे आणखी एक थर्मल शोधत बसले असते. मी शेत शोधलं. आपण चाललो होतो त्यांपैकी ते नव्हतं, पण पिवळं रान, वरच्या अंगाला चढ, खांब फक्त रस्त्याकडेला. चढाच्या दिशेने उतरले. धसकटं पोटाखाली करकरली आणि ग्लायडर थांबलं.

फोनवर तुमचा पहिला प्रश्न, "गहू की मका?"

"गहू."

"मग वाऱ्यात पंख नीट ठेव. येतो आम्ही."

मिस्टर ट्रेलर घेऊन आले, शेजारच्या सीटवर मांडीत नकाशा घेऊन तुम्ही, आणि काकूंच्या थालीपिठांचा डबा. तुम्ही शाब्बास म्हणाला नाहीत. आधी चाकाच्या खुणेवरून शेताच्या टोकापर्यंत चालत गेलात. परत येऊन म्हणालात, "साठ पावलं उरली होती. पुढच्या शनिवारी हवा चांगली दिसते."

तो शनिवार नाही, त्यापुढचा आला. जाऊन-येऊन १५० किलोमीटर, आणि टेकच्या किल्ल्यावरून मैदान दिसलं तेव्हा तुम्ही कुंपणापाशी उभे होतात, खुर्ची रिकामी. सर, मी त्या क्षणी वरच रडले.

एलएस-४ आता ट्रेलरमध्ये बंद आहे, बॅटऱ्या घरी आणल्या आहेत, वार्षिक तपासणी मार्चमध्ये. तुमचा नकाशा मी जपून ठेवला आहे. क्लिपनेकच्या पुढे अजून कोरा आहे. मे महिन्याचं तिकीट काढलं की कळवा. काकूंना नमस्कार, आणि थोडी लाल लोकर आणायला सांगा.

तुमची विद्यार्थिनी