जवानाला विचारता येत नाही, म्हणून मी विचारते
संरक्षणमंत्र्यांना दापोली तालुक्यातून खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस

स. न. वि. वि.

मी दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले, आता निवृत्त आहे. माझा थोरला भाऊ फौजेत होता. त्याचा मुलगा, माझा भाचा, आज फौजेत आहे. त्याची पलटण कोणती आणि तो कुठे आहे ते मी लिहिणार नाही. आमच्याकडे हे कोणाला शिकवावे लागत नाही. पहिल्या महायुद्धात इथली माणसे लामावर, म्हणजे लढाईवर, गेली, तेव्हापासून घरोघरी हे ठाऊक आहे. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात, एक गावच फौजी आंबवडे म्हणून ओळखले जाते.

मे २०२५ मधले, पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूरचे ते चार दिवस आधी सांगते. ७ तारखेला सकाळी बातमी आली तेव्हा घरात वहिनी आणि मी दोघीच होतो. आंबा उतरवायला गडी यायचे होते, पावसाआधी लाकडे आत घ्यायची होती. काहीच झाले नाही. भाच्याचा फोन बंद. वहिनी तासातासाला नंबर लावायची, पलीकडचा तोच आवाज ऐकायची आणि बॅटरी भरलेली असली तरी फोन पुन्हा चार्जिंगला लावून ठेवायची. मॉक ड्रिलच्या यादीत रत्नागिरी जिल्ह्याचे नाव होते, त्यामुळे शेजारीपाजारी भीती आणि उत्साह दोन्ही होते. आमच्या घरात उत्साह नव्हता. १० तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली आणि त्यानंतर दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. ‘बरा आहे, जेवलो’ इतकेच बोलला. वहिनी पडवीत बसून खूप वेळ रडली. मग उठून तिने आंबेवाल्यांना निरोप धाडला.

पुढच्या आठवड्यात गावात देवळासमोर सत्कार ठेवला होता. फौजेतल्या मुलांच्या आया-बायकांना साडी, नारळ. बाहेरून आलेल्या एका पुढाऱ्यांचे भाषण झाले. कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असे विचारले म्हणून मी उठले. आपली किती माणसे गेली? विमाने पडली असे कानावर येते, ते खरे का? आणि थांबायचे कोणी ठरवले? कारण ती बातमी आम्हाला सर्वांत आधी अमेरिकेच्या अध्यक्षांकडून कळली. एवढेच विचारले. माझ्या हातातला माईक काढून घेतला गेला. ते म्हणाले, “बाई, जवान तिथे छातीवर गोळ्या झेलतायत आणि तुम्ही इथे शत्रूची भाषा बोलता? तुमचाच भाचा तिथे आहे, त्याचा तरी विचार करा.” टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्याकडे बाराखडी शिकलेली मुले होती.

त्या पुढाऱ्यांची तक्रार करायला मी आपल्याला लिहीत नाही. त्यांचे नावही इथे नको. पण हे वाक्य आता गावोगाव ऐकू येते, आणि ते आपल्या खात्याच्या जवानांच्या नावाने बोलले जाते. म्हणून उत्तर आपल्याकडून हवे.

साहेब, मी जे विचारले त्यातला विमानांचा प्रश्न ३१ मे रोजी सुटला. सरसेनाध्यक्ष (सीडीएस) जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये एका परदेशी वृत्तसंस्थेला मुलाखत देताना विमाने गमावल्याचे मान्य केले. विमान पडले यापेक्षा ते का पडले हे महत्त्वाचे, चूक समजून घेतली, दुरुस्त केली आणि पुन्हा उड्डाणे केली, असे त्यांनी सांगितले. मला त्यांचा आदर वाटला. पण तोच ‘का’ मी देवळासमोर उच्चारला तेव्हा ती शत्रूची भाषा होती! आणि संसदेत या विषयावर चर्चा झाली ती जुलैच्या अखेरीस. विरोधी पक्ष विशेष अधिवेशन मागत होते, ते मिळाले नाही. सिंगापूरमध्ये जे सांगता येते ते आधी दिल्लीत, आपल्याच लोकसभेत का सांगता येत नाही, हे मला अजून समजलेले नाही.

आता माझ्या भावाबद्दल. तो आज नाही, त्यामुळे त्याचे बोलणे लिहायला हरकत नाही.

दादा महार रेजिमेंटचा. १९८७ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेला. जुलैमध्ये दोन्ही देशांत करार झाला तेव्हा गावात सगळ्यांना वाटले की पोरे शांतता राखायला चालली आहेत, चार महिन्यांत परत येतील. ऑक्टोबरमध्ये जाफन्यात लढाई पेटली. समोर एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना होती. त्याआधी काही वर्षे आपल्याच सरकारने श्रीलंकेतल्या तमिळ संघटनांच्या तरुणांना आपल्याच भूमीवर शस्त्रांचे शिक्षण दिले होते, हे दादाला तिथे गेल्यावर कळले. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेली शीख लाइट इन्फन्ट्रीची तुकडी जवळजवळ सगळी मारली गेली. शत्रू आधीच वाट पाहत बसला होता. दादाच्याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला गेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शांतिसेनेचे अकराशेहून जास्त जवान तिथे मेले.

पुढच्या शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा आईने दादासाठी नवस बोलला, पण हे युद्ध कशासाठी चालले आहे असे आमच्या गावात कोणी विचारले नाही. मीही नाही. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, रोज पेपर वाचत होते आणि गप्प होते. मुलगा तिकडे असताना प्रश्न काढला तर अपशकुन होईल असे आईला वाटायचे.

दादा गुडघ्यात छर्रे घेऊन परतला. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा त्या राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. हे दादाच्या मनाला फार लागले होते, आणि त्यात त्याचे बरोबर होते असे मी आजही म्हणते. युद्ध नको होते तर ते ठरवणाऱ्यांना जाब विचारायचा होता. हुकूम पाळून आलेल्या पोरांकडे पाठ फिरवायची नव्हती. टीका करणाऱ्यांनी केलेला हा अन्याय मला मान्य आहे, आणि माझ्या बाजूच्या लोकांनाही तो मी ऐकवते.

जाफन्याच्या इस्पितळात ऑक्टोबर १९८७ मध्ये गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मेले. दादा तिथे नव्हता. पण तो विषय निघाला की ताटावरून उठायचा आणि पडवीत जाऊन बसायचा. त्याच्या मनात काय चालायचे ते त्याने कधी सांगितले नाही. शेवटच्या आजारपणात मात्र एकदा म्हणाला, “आम्हाला ‘का’ विचारायची सोय नसते गं. ते घरच्यांनी विचारायचं असतं. तुम्ही कोणी विचारलं नाहीत.”

माझे सगळे म्हणणे याच वाक्यात आहे, साहेब. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैनिकाच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येते, आणि १९५० च्या आर्मी ॲक्टच्या २१ व्या कलमाने ती घातलेली आहे. त्याला वर्तमानपत्रात लिहिता येत नाही, संघटना करता येत नाही. ते योग्यच आहे, बंदूक हातात असलेल्याने राजकारण करू नये. पण मग त्याच्या वाटचे बोलणे कोणाकडे आले? ज्याचे तोंड कायद्याने बंद आहे त्याच्या आईने, बायकोने, आत्याने, शेजाऱ्यानेही तोंड बंद ठेवायचे असेल, तर त्याच्या जिवाचा हिशेब मागणारे कोणीच उरत नाही. भाचा सुट्टीवर आला तेव्हा या सगळ्यावर काय बोलला ते मी लिहिणार नाही. त्याच्या नोकरीला ते बरे नाही.

लढाई चालू असताना तरी गप्प बसा, नंतर विचारा, असे मला समजावणारे चांगले लोकही आहेत. त्यांना मी १९६२ ची आठवण देते. हिवाळी अधिवेशन अलीकडे घ्या अशी मागणी तरुण अटलबिहारी वाजपेयी आणि त्यांच्या पक्षाने केली, आणि पंडित नेहरूंनी ती मानली. ८ नोव्हेंबरला संसद बसली. चिनी फौजा तेव्हा आपल्या हद्दीत होत्या, शस्त्रसंधीला अजून जवळजवळ दोन आठवडे होते. अधिवेशन गुप्त घ्यावे अशी सूचना आली तीही नेहरूंनी नाकारली. आमच्या राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै त्या लोकसभेत विरोधी बाकांवर होते. सुती गणवेश आणि कॅनव्हासच्या बुटांवर जवानांना हिमालयात कोणी पाठवले, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला. त्या दबावापुढे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना युद्ध सुरू असतानाच जावे लागले, आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आम्ही शाळेत मुलांना अभिमानाने सांगतो. तो सह्याद्री टीकेमुळेच धावला, हेही सांगायला हवे होते. मी ते सांगितले नाही, ही माझी चूक.

कारगिलनंतर तीन दिवसांत, २९ जुलै १९९९ ला, संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांची आढावा समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल काही भाग वगळून संसदेपुढे आला. त्यावर नेमलेल्या मंत्रिगटाने सरसेनाध्यक्ष हे पद सुचवले. ते प्रत्यक्षात यायला २०२० उजाडले, पण आले. ज्या जनरलसाहेबांनी सिंगापूरमध्ये खरे सांगितले त्यांचे पदच असे प्रश्न विचारण्यातून आले आहे.

काय विचारू नये हे आम्हाला कळते. २६/११ ला चाललेली कारवाई वाहिन्यांनी थेट दाखवली, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्यांना झापले, ते योग्यच होते. पलटण कुठून कुठे हलली, नौका कुठे आहे, हे आम्ही व्हॉट्सॲपवर येऊ देत नाही. आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर एकीने सैन्याच्या गाड्यांचा व्हिडिओ टाकला तर वहिनीनेच तिला तो काढायला लावला. पण मृतांचा आकडा मागणे आणि निर्णयाचे कारण विचारणे याने शत्रूच्या हाती काय लागते?

आणि देशद्रोह कसा असतो ते आमच्या किनाऱ्याने पाहिलेले आहे. १९९३ च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. ते उतरवताना कोणी सरकारवर टीका केली नव्हती. पैसे घेऊन डोळे मिटले गेले होते. खटल्यात कस्टमचे अधिकारी दोषी ठरले. त्या रात्री किनाऱ्यावर कोणी मोठ्याने ‘हे काय चाललंय?’ विचारले असते तर!

इथल्या मातीत ही विचारण्याची रीत जुनी आहे. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १० जून १९१८ ला मुंबईच्या युद्ध परिषदेत गेले. सैन्यभरतीला त्यांचा विरोध नव्हता, पण स्वराज्याशिवाय ती कशी मागता हे त्यांनी विचारले. गव्हर्नर विलिंग्डनने बोलू दिले नाही, तसे ते सभा सोडून बाहेर पडले. त्याच्याही आधी, १८९० च्या दशकात, दापोलीत राहणारे निवृत्त फौजी गोपाळबाबा वलंगकर यांनी महारांची सैन्यभरती बंद करणाऱ्या इंग्रज सरकारविरुद्ध अर्ज लिहिला. दादा ज्या रेजिमेंटमध्ये होता तिची वाट त्या अर्जासारख्या अर्जांनी मोकळी झाली. फौजेवर प्रेम करणाऱ्या माणसाने फौजेच्या धन्याला लिहिलेले ते टीकेचे पत्र होते. मी त्यांच्यापुढे कोणीच नाही, पण पत्र त्याच तालुक्यातून जाते आहे.

माझे मागणे मोठे नाही. १९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत यांनी केली. अहवाल १९६३ मध्ये सरकारला मिळाला. तो आजवर कोणत्याही पक्षाच्या सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्यातला मोठा भाग जगापुढे ठेवला, तरीही नाही. त्या लढाईतल्या जवानांच्या विधवा आता एकेक करून जात आहेत. तो अहवाल आपण खुला करावा. यापुढे लढाई झाली तर किती गेले आणि काय चुकले हे ठरावीक मुदतीत संसदेपुढे यावे, परदेशातल्या मुलाखतीत नव्हे. आणि आपण एकदा, आपल्या तोंडून, सांगावे की जवानाच्या घरच्यांनी प्रश्न विचारणे हा देशद्रोह नाही. आमच्या पुढाऱ्यांना माझे कोण ऐकणार? आपले ऐकतील.

येत्या ग्रामसभेत मी पुन्हा उठणार आहे. प्रश्न तेच. त्याआधी आपले उत्तर आले तर ते माईकवरून वाचून दाखवीन, माईक मिळाला नाही तर तसेच. वर्गात पन्नास मुलांपर्यंत आवाज पोचवायची सवय आहे मला. या वेळी वहिनी शेजारी बसणार आहे. तिने स्वतःच तसे सांगितले.

आपली,
एका जवानाची बहीण, एका जवानाची आत्या
ता. दापोली, जि. रत्नागिरी