विद्यार्थ्यांच्या शिडाच्या होडीलाही परवानगी द्या : मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

साहेब, मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी, मूळची देवगड तालुक्यातली. दिवाळीनंतर मी आणि माझे दोन सहाध्यायी शिडाच्या छोट्या होडीने विजयदुर्गाहून वेंगुर्ल्यापर्यंत जाणार आहोत आणि वाटेत डॉल्फिन, प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), जेलीफिश, समुद्रपक्षी यांच्या नोंदी घेणार आहोत. होडी अठरा फुटी, फायबरची. सोबत याच पाण्यात हयात घालवलेला एक तांडेल, म्हणजे होडी हाकणारा प्रमुख, असेल. रोज संध्याकाळी खाडीत नांगर टाकायचा, रात्री समुद्रात राहायचं नाही. आराखड्याला आमच्या प्राध्यापकांची मान्यता मिळाली, उपकरणं जमली. अडलं आहे ते परवानगीपाशी.

एका कार्यालयात विचारलं गेलं, मासेमारी करणार का? नाही म्हटल्यावर अर्ज परत मिळाला. दुसरीकडे प्रश्न होता, प्रवासी नेणार का, जलक्रीडेचा व्यवसाय आहे का? तिसऱ्या ठिकाणी सुरक्षेचा मुद्दा निघाला आणि पहिल्या कार्यालयाचं पत्र आणा, असं सांगण्यात आलं. माणसं सौजन्याने बोलली, बसायला खुर्ची दिली. त्यांच्या छापील अर्जात आमच्यासारख्यांसाठी रकानाच नव्हता.

सुरक्षेची काळजी मला पूर्ण पटते. २००८ मध्ये ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावून दहशतवादी मुंबईपर्यंत आले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या प्रत्येक अनोळखी होडीकडे संशयाने पाहिलं जाणं स्वाभाविक आहे. म्हणूनच आम्हाला सूट नको, नियम हवा आहे.

शीडच कशाला, असं आपण विचाराल. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी जो कुबड असलेला डॉल्फिन दिसतो, तो उथळ पाण्यातला प्राणी आहे आणि धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. गढूळ पाण्यात तो वाट काढतो, भक्ष्य शोधतो आणि कळपाशी संपर्क ठेवतो तो आवाजाच्या जोरावर. त्याचा आवाज टिपायला आम्ही पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडतो. इंजिन चालू असेल तर त्यात इंजिनच ऐकू येतं. बंद करून तरंगत राहावं, तर कळप पुढे सरकतो आणि पुन्हा इंजिन लावावं लागतं. शिडाची होडी मात्र गाजावाजा न करता त्यांच्यापासून अंतर राखून तासन्‌तास चालू शकते. पाठीवरच्या परांचे फोटो काढून एकेक डॉल्फिन ओळखायचा तर असाच सावकाश वेळ लागतो. प्लवकांची जाळीही मंद वेगातच ओढावी लागते. सकाळी जमिनीकडून वाहणारा मतलई वारा, दुपारनंतर वायव्येचा वारा, या हिशेबाने दक्षिणेकडे उतरणारा आमचा मार्ग तांडेलांनीच आखून दिला आहे. ‘सागर संपदा’सारखं मोठं संशोधन जहाज दोन-तीन वाव (साधारण चार-पाच मीटर) पाण्यात येऊ शकत नाही. तिथे लहान होडीच हवी.

आणि या समुद्रात काय काय फिरतं याची आपल्याला पुरती कल्पना नाही. ओमानच्या किनाऱ्यावर २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये लुबान नावाच्या हंपबॅक देवमाशाच्या मादीला उपग्रह-टॅग लावला होता. डिसेंबरमध्ये ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली आणि तशीच दक्षिणेला कन्याकुमारीकडे गेली. अरबी समुद्रातले हे देवमासे इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर याच समुद्रात राहतात, आणि फार थोडे उरले आहेत. लुबान टॅगमुळे कळली. टॅग नसलेले देवमासे कोण पाहणार?

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. आता निवतीजवळ ‘आयएनएस गुलदार’ या नौदलाच्या निवृत्त जहाजाभोवती पाण्याखालचं संग्रहालय उभारण्याची योजना सरकारने हाती घेतली आहे. पर्यटन यावं, आमच्या गावांना रोजगार मिळावा, हे मलाही हवं आहे. पण आधीची नोंद असेल तरच नंतरचा बदल मोजता येईल. असं काम दर हंगामात, वर्षानुवर्षं व्हायला हवं. ते विद्यार्थी कमी खर्चात करू शकतात.

गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकारी २९ मे २०२५ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या, तेव्हा सगळ्या देशाने त्यांचं कौतुक केलं. मीही डोळे भरून ते पाहिलं. आमच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मासळी विकत आल्या, होडीत मात्र पुरुषच गेले. मला जायचं आहे, आणि माझ्यामागून येणाऱ्या मुलींनाही.

साहेब, मागणी एवढीच की विद्यार्थ्यांच्या अभ्यास-होड्यांसाठी एकच अर्ज आणि एकच खिडकी ठेवा. महाविद्यालयाची हमी घ्या. किनाऱ्यापासून किती सागरी मैलांपर्यंत जायचं ते ठरवून द्या. अनुभवी तांडेल, जीवरक्षक जॅकेट आणि व्हीएचएफ रेडिओ सक्तीचा करा, आणि रोज सागरी पोलीस ठाण्यात हजेरी लावायला सांगा. मच्छीमार नौकांना केंद्राच्या योजनेतून ट्रान्सपॉन्डर दिले जात आहेत. त्याचं राष्ट्रीय पातळीवरचं उद्‌घाटन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच झालं. तसा एक आमच्या होडीवर बसवा, म्हणजे आम्ही कुठे आहोत हे आपल्याला कळत राहील. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय आम्ही थेंबभर नमुनाही घेणार नाही. जमलेल्या नोंदी आपल्या खात्याला देऊच, शिवाय वाटेतल्या मच्छीमार सोसायट्यांमध्ये मराठीतून वाचून दाखवू, कारण त्या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा आहे.

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते. निर्णय ऑक्टोबरपर्यंत झाला तर हे वर्ष हाती लागेल. उत्तरात नुसती अटींची यादी आली तरी चालेल. आम्ही ती पूर्ण करून अर्ज पुन्हा घेऊन येऊ.

आपली नम्र,
सागरी जीवशास्त्राची एक विद्यार्थिनी
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग