‘कॅड’ शिकवताना दुरुस्तीही शिकवावी

महोदय,

कुपवाड औद्योगिक वसाहतीत माझे मशीनिंगचे छोटे वर्कशॉप आहे. ड्रॉइंगच्या कामासाठी दरवर्षी एक-दोन पदविकाधारक मुले येतात. ‘ऑटोकॅड’ या संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या (कॅड) सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय पार्ट ती झटपट उभा करतात; पण तयार पार्टमध्ये बदल सांगितला, की हात थेट ‘डिलीट’कडे जातो.

मागे पंपाच्या एका फ्लँजची (बोल्टने जोडायच्या कडेची) आठ भोके १८ मिलिमीटरवरून २२ मिलिमीटर करायची होती. ही भोके सिलिंडर वजा करून पाडलेली होती. ती पाडण्यापूर्वी सॉलिडची (त्रिमितीय आकाराची) ‘हिस्टरी’, म्हणजे तो कोणत्या मूळ आकारांपासून बनला याची नोंद, ‘रेकॉर्ड’वर असती, तर कंट्रोलची कळ दाबून भोक निवडायचे, कंट्रोल-१ ने प्रॉपर्टीजची चौकट उघडायची आणि त्रिज्येच्या रकान्यात ९ च्या जागी ११ लिहायचे, एवढेच काम उरले असते. प्रत्यक्षात ती ‘नन’वर (None), म्हणजे बंद होती, त्यामुळे वजा केलेल्या सिलिंडरांची नोंदच राहिली नाही, आणि मागाहून हिस्टरी चालू करून ती परत मिळत नाही. तरीही भोकाची भिंत दोन मिलिमीटर बाहेर सरकवण्याचा, म्हणजे ‘ऑफसेट फेस’चा, मार्ग मोकळा होता. तो हे काम करणाऱ्या मुलाला ठाऊक नव्हता. त्याने अख्खा फ्लँज पुन्हा काढला आणि घाईत त्रिज्येच्या रकान्यात २२ लिहिले. ४४ मिलिमीटरची भोके कडेबाहेर फुटलेली पडद्यावर दिसली म्हणून बरे. फ्लँज रुंद असता तर ते ड्रॉइंग तसेच ड्रिलिंगवर गेले असते. कागदावर व्यास आणि रकान्यात त्रिज्या, हा घोटाळा जुनेजाणतेही करतात, हे मान्य करायला हवे.

दुसरी गफलत मटेरियलची. पार्टला लोखंडाचे मटेरियल लावले की वजनही लोखंडाचे निघेल, असे मुलांना वाटते. ते मटेरियल केवळ दिसण्यापुरते असते. बिडाचे कास्टिंग आम्ही किलोवर घेतो, त्यामुळे ‘मासप्रॉप’ आज्ञेने घनफळ काढून त्याला बिडाच्या घनतेने, म्हणजे घन सेंटिमीटरला साधारण ७.२ ग्रॅमने, गुणावेच लागते.

हिस्टरीने फाइल जड होते, ही तक्रार खरी आहे. पण रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगमधले बदल, संपल्यावर हिस्टरी काढून टाकता येते. महागड्या पॅरामेट्रिक (माप बदलले की पार्टही बदलणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्नच येत नाही, असेही कोणी म्हणेल. मिरज-कुपवाडच्या छोट्या वर्कशॉपांपैकी किती जणांना ते परवडते, हे त्यांनी एकदा येऊन पाहावे.

सांगली-मिरज परिसरातील पदविका महाविद्यालयांनी आणि आयटीआयनी प्रात्यक्षिक परीक्षेत कोरा पडदा देण्याऐवजी एखादा तयार पार्ट आणि तीन-चार बदलांचा रिव्हिजनचा कागद द्यावा, आणि काहीही न पुसता ते बदल करणाऱ्यास गुण द्यावेत, अशी विनंती आहे. त्यासाठी लागणारी जुनी ड्रॉइंगे आमच्यासारखे वर्कशॉपवाले आनंदाने देतील.

— एक वर्कशॉपचालक, कुपवाड, जि. सांगली