एका रेघेनं जानेवारीचा जुलै

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नोव्हेंबर लागला की माझ्या सेवा केंद्राच्या पायरीवर माजी सैनिकांची रांग लागते. हयातीचा दाखला काढायचा असतो. निम्म्यांचे ठसे यंत्र घेतच नाही, कारण कुदळ-फावडं धरून बोटांवरच्या रेघा पुसून गेलेल्या असतात. मग तोंडासमोर मोबाइल धरायचा आणि म्हणायचं, "आजोबा, डोळे मिचकवा." सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या एका बाजारगावात गेली अकरा वर्षं मी हे करते आहे. या लोकांनी दाखला काढून लगेच घरी जाऊ नये, आणखी पाच मिनिटं थांबून पडद्यावरच्या आपल्या भरतीच्या आणि निवृत्तीच्या अशा दोन तारखा वाचून घ्याव्यात, एवढ्यासाठी हे पत्र. आमच्या घरी काय झालं ते सांगितल्याशिवाय हे कुणाला पटणार नाही, म्हणून थोडं लांबतं आहे.

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, पायदळात नाईक होते. पलटणीचं नाव लिहीत नाही. माझंही नाव छापू नये ही विनंती, मामा म्हणाले, "पलटनीची बदनामी नको." ज्या कार्यालयाशी आमचा पत्रव्यवहार झाला त्याचं नावही त्यासाठीच गाळलं आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये मामांचा दाखला काढताना मी सहज त्यांच्या सेवेचा तपशील उघडला. 'वन रँक वन पेन्शन' (सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारखीच पेन्शन) या योजनेच्या 1 जुलै 2019 पासूनच्या थकबाकीचे हप्ते तेव्हा लोकांना मिळत होते आणि गावात पारावर ज्याचे त्याचे आकडे मोजणं चाललं होतं. पडद्यावर अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवा, दिसली 16 वर्षं 6 महिने. मी मोठ्यानं वाचलं. मामा खुर्चीत बसून तंबाखू मळत होते. हात थांबला.

"साडेसोळा? आन् अर्धं वरीस कुणी खाल्लं?"

भरतीची तारीख होती 14-07-1969. मामा म्हणाले, "आगं पोरी, संक्रांतीला गेलोय मी. आयनं फडक्यात तिळगूळ बांधून दिल्याला, त्यो सेंटरात जाईपातूर पुरवला. जुलैत घरात चिखलनी-लावनी टाकून भरतीला कोन जातंय?"

भात पिकवणाऱ्या माणसाचा हा पुरावा मला पुरेसा होता. त्यात 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात यांच्या घराच्या दोन भिंती बसल्या. ते घर उभं करायला पैसा हवा म्हणून धाकट्या मुलानं भरतीला जायचं ठरलं. वडिलांनी वर्षभर थांबवून धरलं, पुढच्या संक्रांतीला मात्र मामा भरतीला गेलेच. असल्या तारखा माणूस विसरत नाही.

घरी माळ्यावर त्यांची काळी लोखंडी पेटी आहे. झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, नाव, गाव. नंबर अजून वाचता येतो, गावाचं नाव घासून गेलं आहे. आत 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही पदकं, सासूबाईंनी कधीतरी ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या, सैन्यातून सुटताना मिळालेलं कापडी बांधणीचं डिस्चार्ज बुक आणि वाळवीनं अर्धं खाल्लेलं एक पे-बुक. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख दोन ठिकाणी आहे. पहिल्या पानावर टंकलेली, 14 JAN 69. पुढे एका तक्त्यात कुणा कारकुनानं शाईनं लिहिलेली, 14-1-69. या दुसऱ्या नोंदीतला महिन्याचा एक जरा बघण्यासारखा आहे. वरून डावीकडे लांब शेंडी काढलेली, खाली उभी रेघ किंचित तिरकी. घाईनं वाचलं तर सातच. त्याच कारकुनाच्या चौदातला एक मात्र सरळ काठीसारखा आहे. त्या दिवशी त्याची लेखणी अडखळली असेल. मूळ कागदावरून संगणकात नोंद करताना कुणी तरी हाच एक सात वाचला असणार, कारण दिवस बरोबर, वर्ष बरोबर, फक्त महिनाच घसरलेला.

मामांनी मला सांगितलं की फौजेत तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहायची शिस्त आहे. ती का आहे हे तेव्हा कळलं.

31 जानेवारी 1986 ला मामा पेन्शनवर आले. खऱ्या तारखेनं हिशेब 17 वर्षं 18 दिवसांचा, चुकीच्या तारखेनं 16 वर्षं 6 महिने 18 दिवसांचा. बाहेरच्या माणसाला वाटेल, सहा महिन्यांनी काय बिघडतं? 'वन रँक वन पेन्शन'चे तक्ते हुद्दा, पगाराचा ग्रुप आणि सेवा यांवर बसवलेले आहेत आणि सेवेचा रकाना अर्ध्या-अर्ध्या वर्षानं पुढे सरकतो. 15, साडेपंधरा, 16, असा. सहा महिने गेले की माणूस एक ओळ वर ढकलला जातो. वर म्हणजे कमी पैशांच्या ओळीत. योजना 1 जुलै 2014 पासून लागू, दर पाच वर्षांनी आकड्यांचा फेर. म्हणजे नोंद दुरुस्त झाली नाही तर प्रत्येक फेराला तीच चूक नव्यानं पैशांत बसते. आमचा अर्ज पडून असतानाच 1 जुलै 2024 चा फेर आला आणि मामांना पुन्हा साडेसोळाच्याच ओळीत बसवून गेला. फरक महिन्याला शे-दोनशेच्या घरातला. मामांना पैशांचं फारसं वाटलं नाही. "सहा म्हयनं मी काय घरी झोपलो हुतो का?" हे मात्र ते जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर म्हणत राहिले.

दुरुस्तीची कथा थोडक्यात सांगते. ऑनलाइन तक्रार टाकली. ती बाराव्या दिवशी 'निकाली' निघाली, शेरा असा की संबंधित अभिलेख कार्यालयाशी (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) संपर्क साधावा. तिथे अर्ज पाठवला, डिस्चार्ज बुकाच्या दोन्ही पानांच्या साक्षांकित प्रती जोडल्या. अडीच महिन्यांनी उत्तर आलं की कार्यालयात असलेल्या नोंदीनुसार भरतीची तारीख 14-07-1969 हीच बरोबर आहे. आम्ही म्हणतो नोंद चुकली, ते म्हणतात नोंदीनुसार नोंद बरोबर! पुन्हा लिहिलं. तेव्हा भरतीचा स्वतंत्र पुरावा आणि प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस स्टँपपेपरवर शपथेनं सांगतो आहे की मी अमुक दिवशी सैन्यात दाखल झालो, आणि ज्यांनी दाखल करून घेतलं त्यांचाच शिक्का असलेलं पुस्तक शेजारी पडलं आहे. मी टायपिंग करून पोट भरते, असली प्रतिज्ञापत्रं दिवसाला चार करते. हे एक करताना मात्र दोनदा चुकले.

खरा उपयोग झाला त्या वाळवी लागलेल्या पे-बुकाचा. त्यात टोचणीच्या पानावर पहिली नोंद फेब्रुवारी 1969 ची आहे. म्हणजे पलटणीनं मामांना भरती करून घेण्याच्या पाच महिने आधीच सुई टोचली होती! हे वाक्य मी अर्जात जसंच्या तसं लिहिलं. माझे पती म्हणाले, सरकारी अर्जात चेष्टा करू नये. ठेवलं तसंच.

पुढची वाट एका निवृत्त सुभेदारांनी दाखवली. ते म्हणाले, "ताई, भांडू नका, त्यांचाच कागद मागा." माहितीच्या अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून मामांच्या नावानं अर्ज केला, मागितलं एवढंच की माझ्या शीट रोलच्या (जवानाच्या सेवेचा मूळ नोंदपत्रक) पहिल्या पानाची आणि भरतीच्या पार्ट टू ऑर्डरची (भरतीची नोंद करणारा लेखी हुकूम) प्रत द्यावी. पानाला दोन रुपये या दरानं झेरॉक्सचे पैसे भरले. सव्विसाव्या दिवशी पाकीट आलं. शीट रोलवर महिना अक्षरांत होता. JAN. ज्या कार्यालयानं 'नोंदीनुसार बरोबर' लिहिलं होतं त्याच कार्यालयाच्या शिक्क्यानिशी. दीड वर्षात ते पान कुणी उघडून पाहिलंच नव्हतं, सगळे पडद्यालाच नोंद म्हणत होते.

ती प्रत घेऊन मामा आणि मी एक दिवस-एक रात्र गाडीनं त्या कार्यालयात जाऊन आलो. गेटवरच्या जवानानं मामांच्या कोटावरची मेडलं पाहिली आणि कडक सलाम ठोकला, मामांची पाठ आपोआप ताठ झाली. आतला कारकून पोरसवदा, स्वभावानं चांगला. त्यानं चहा मागवला, मूळ फाइल काढायला लावली, पान पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो साफ़ जनवरी है." चहा गार व्हायच्या आत त्याचं टिपण लिहून झालं होतं. जून 2025 मध्ये दुरुस्त पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आला. एकोणीस महिने. त्या पीपीओत सासूबाईंच्या जन्माचं वर्ष 1954 चं 1945 झालं आहे, ते वेगळंच. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी त्यावरून अडवणूक होऊ नये म्हणून तोही अर्ज टाकला आहे.

माझं म्हणणं कुणा एका कारकुनाविरुद्ध नाही. जुन्या कागदांवरून हजारो नोंदी उतरवताना एखादी रेघ चुकणारच, माझ्याकडेही सातबाराच्या अर्जात चुकतात. पण चुकलेली तारीख दुरुस्त करायची जबाबदारी म्हाताऱ्या माणसाच्या पेटीवर का? डिस्चार्ज बुक हे त्याच खात्यानं सही-शिक्क्यानं दिलेलं पुस्तक आहे. ते आणि पडद्यावरची नोंद जुळत नसेल तर अर्ज हातात घेणाऱ्यानं आधी मूळ शीट रोल उघडावा आणि त्या पानाची प्रत जोडूनच उत्तर द्यावं, एवढा नियम झाला तरी आमच्यासारख्यांचे महिनेच्या महिने वाचतील. आणि पडद्यावर महिना अक्षरांत दाखवावा. शिस्त त्यांचीच आहे, संगणकात येताना ती का गळली?

पेन्शन मिळते त्यांचं निदान पान तरी जागेवर असतं. ज्यांना मिळत नाही त्यांचं काय होतं हे याच दिवाळीच्या आधी पाहिलं. वरच्या वाडीतले एक आजोबा आले. जुन्या अटींवर भरती झालेले, काही वर्षं पलटणीत, मग सैन्याच्या राखीव दलात, म्हणजे घरी राहायचं आणि बोलावणं आलं की हजर व्हायचं. दोन्ही मिळून 15 वर्षं भरली तर राखीव सैनिकाची पेन्शन मिळते. यांच्या पुस्तकात पलटणीतून सुटल्याची तारीख आहे, राखीव दलातून सुटल्याची जागा कोरी आहे. त्यांनी मागे एकदा अर्ज केला होता, त्याचं उत्तर घडी घालून घालून फाटायला आलेल्या कागदावर होतं: पेन्शन नसलेल्या जवानांची कागदपत्रं नियमानुसार 25 वर्षांनी नष्ट केली जातात, सबब माहिती उपलब्ध नाही. मामांच्या बाबतीत चुकीच्या नोंदीमागे खरं पान होतं. इथे पानच जाळून टाकलेलं, आणि पुरावा आणायचा तो आजोबांनी. त्यांना लिहिता येत नाही. राखीव दलात असताना दोनदा ट्रेनिंगला बोलावलं होतं हे त्यांना आठवतं, कुठल्या साली ते आठवत नाही. एकदा गेले तेव्हा म्हैस व्यालेली होती, एवढं सांगतात.

मी त्यांना विचारलं, सुटताना काही कागद दिला होता का? म्हणाले, दिला असंल, घर शाकारताना गेला असंल.

कागदपत्रं नष्ट झाली तरी लाँग रोल नावाच्या मोठ्या वहीत जवानाचा नंबर, नाव आणि तारखा ठेवतात, हेही त्या सुभेदारांनीच सांगितलं. म्हणून आजोबांचा अंगठा घेऊन लाँग रोलच्या त्या एका ओळीची प्रत माहितीच्या अधिकारात मागितली आहे. अर्ज 9 ऑक्टोबरला पोहोचल्याची पोचपावती माझ्याकडे आहे. तीस दिवस परवा शनिवारी संपतात. आजोबा रोज दुपारच्या एसटीनं येऊन पायरीवर बसतात, पोस्टमन येऊन गेला की परत जातात.

आपली,
पाटण तालुक्यातली एक वाचक
6 नोव्हेंबर 2025