माझ्या वाट्याला आलेली बाहुली

मेक्सिको सिटी,
९ जानेवारी

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत मी वर्ध्याला आले नाही, याबद्दल तुम्ही दोघेही काही बोलला नाहीत, पण "तिथे एकटी काय खातेस?" हा आईचा प्रश्न एकाच फोनमध्ये तीनदा आला, तेव्हा जे कळायचे ते मला कळले. त्यातच मी "आज चार किलो मासा मळला" असे म्हणाले आणि आई एकदम गप्प झाली. आई, चुन्यात उकळून वाटलेल्या मक्याच्या पिठाला इथे 'मासा' म्हणतात. माझे शाकाहारीपण शाबूत आहे.

हा मासा २४ डिसेंबरला आमच्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात मळला. बाई सत्तरीच्या पुढच्या, मूळच्या दक्षिणेकडच्या ओआहाका राज्यातल्या. नाताळच्या आदल्या रात्री पानावर तामाल, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेले माशाच्या पिठाचे सारण भरलेले उंडे, हवेतच आणि ते तयार पिठाचे नकोत, हा त्यांचा दरवर्षीचा हट्ट. आदल्या संध्याकाळी त्यांनी मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच झाकून ठेवला. सकाळी मी दाणे चोळू लागले, तशी त्यांची पातळ साल बोटांत सुटून आली. मग धुतलेले दाणे बादलीत भरून आम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीत गेलो. रांगेत आमच्या पुढे सात बादल्या होत्या, आणि आपला नंबर येईपर्यंत शेजारणीच्या घरातले सगळे कळते, ही गिरणीची रीत तिथेही पाळली जाते.

बाबा, या चुन्यामागचे शास्त्र तुम्हाला आवडेल. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याच्या संस्काराशिवाय शरीराला नीट मिळत नाही. मका समुद्र ओलांडून युरोपात गेला, पण ही रीत त्याच्यासोबत गेली नाही, आणि पुढे केवळ मक्यावर दिवस काढणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, गाठले. बाईंना नायसिन ठाऊक नाही. आजीने करून दाखवले तेवढे त्यांना पुरते.

पिठात डुकराची चरबी फेसतात, म्हणून माझ्यासाठी त्यांनी न सांगता तेलाचे पातेले वेगळे ठेवले. फेसून हात भरून आले तरी बाई "अजून" म्हणत होत्या. शेवटी त्यांनी पिठाची लहानशी गोळी पेल्यातल्या पाण्यात टाकली, ती वर तरंगली, तेव्हा कुठे माझी सुटका झाली. माझ्या तामालांत भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि चीज होते. मक्याच्या भिजवलेल्या सुक्या पानांत ते गुंडाळून मोठ्या पातेल्यात उभे रचले. पातेल्याच्या तळाशी बाईंनी एक नाणे टाकले होते. पाणी उकळत असेपर्यंत ते खुळखुळते. आवाज थांबला की पाणी संपले. तामाल शिजत असताना घरात भांडण झाले तर ते कच्चे राहतात, असाही समज आहे, त्यामुळे दोन्ही सुना दुपारभर एकमेकींशी फारच गोड बोलत होत्या.

१६ तारखेपासून रोज रात्री गल्लीत पोसादा होती. योसेफ आणि गरोदर मरिया आसरा शोधत फिरले, त्याची ही आठवण. निम्मे लोक दाराबाहेरून गाण्यात जागा मागतात, निम्मे आतून नाकारतात, आणि शेवटी दार उघडते. मग सर्वांना गरम पोंचे मिळते. त्यात उसाचे करवे, पेरू, चिंच, दालचिनी, लाल अंबाडीची बोंडे आणि ढेपेचा गूळ असतो. ऊस आणि चिंच त्यांच्याकडे बाहेरून आले, पेरू आणि मिरची अमेरिका खंडातून आपल्याकडे गेली. त्या पेल्यात मला अनोळखी असे फारसे काही सापडले नाही.

बाबा, तुम्ही सांगितले होते तसे मी शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतले मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराचे भित्तिचित्रही पाहून आले. टेबलाशी बसून भाकर मोडणारे आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पाहताना मान दुखेपर्यंत मी उभी होते. क्रांतिकारक म्हणून मायदेश दुरावलेला हा माणूस चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्याच्या वाणांवर काम करत होता, हे मी बाईंना सांगितले. त्यावर त्यांनी एवढेच विचारले की, त्यांना तामाल आवडत होते का?

आता मुद्द्याचे. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, इथे रोस्का नावाचा कड्यासारखा गोड पाव कापतात. त्यात लहानशी बाहुली लपवलेली असते, आणि ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने २ फेब्रुवारीला सर्वांना तामाल घालायचे असतात. काहीजण ती गुपचूप गालात लपवतात म्हणे. माझा दात तिच्यावर असा आपटला की ती सोय राहिली नाही. अकरा माणसे आहेत. इथे मनुका घातलेले गोड तामालही करतात, म्हणून एक घाणा मी पुरण भरून करणार, असे बोलून बसले आहे. हरभऱ्याची डाळ जवळपास मिळत नाही, काबुली चणे मात्र हवे तितके आहेत. आई, ते शिजवून, साले काढून वाटले तर पुरण धरेल का, की सैल पडेल? एक किलो चण्याला गूळ किती, ते वजनात कळव. "अंदाजाने" असे लिहू नकोस. बाई वही घेऊन बसणार आहेत.

तुमची,
धाकटी